प्रार्थनांचा मुकुट गुंफणारा

बदनापूरच्या माणसाने ‘सांदलफोन’ हे नाव प्रथमच ऐकले आणि त्याला उरसाचा संदल आठवला, तर त्यात त्याचा दोष नाही. आमच्या मराठवाड्यात संदल म्हणजे दर्ग्यावर वाजतगाजत चढवायचे चंदन. ज्यूंच्या गूढपरंपरेतील या देवदूताचा त्या चंदनाशी काडीचाही संबंध नाही. ‘सहबंधू’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले असावे, असे काही पंडित मानतात. तरीही माझ्या कानाचा हा भ्रम मला आवडला. कारण या देवदूताचे कामही अर्पणाचेच आहे, आणि ते काम विसरून ज्यांनी त्याला निव्वळ गूढशक्तीचा अंमलदार करून टाकले, त्यांच्याशी माझे भांडण आहे.

मूळ कथा तालमूदमधील ‘हगिगा’ या प्रकरणात आहे. यहेज्केल प्रेषिताला दिव्य रथाच्या दर्शनात भूमीवर टेकलेले एक चाक दिसले. ते चाक म्हणजे एक देवदूत, असा तेथे अर्थ लावला आहे. त्याचे पाय जमिनीवर आहेत आणि मस्तक थेट रथ वाहणाऱ्या प्राण्यांपर्यंत पोचले आहे. आपल्या जोडीदाराहून तो पाचशे वर्षांच्या वाटचालीइतका उंच! रथाच्या मागे उभा राहून तो आपल्या निर्मात्यासाठी मुकुट गुंफतो. पण लगेच तेथेच शंका निघते : ईश्वराचे स्थान कोणालाच ठाऊक नाही, मग मुकुट चढवायचा कुठे? उत्तर असे की, देवदूत मुकुटावर ईश्वराचे नाव उच्चारतो आणि मुकुट आपणहून त्याच्या मस्तकी जाऊन बसतो. ज्या परंपरेला आपल्याच कथेला असा अडचणीचा प्रश्न विचारण्याचे धैर्य आहे, तिच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

मुकुट कशाचा, हे ‘शमोत रब्बा’ या ग्रंथात येते. तेथे देवदूताचे नाव नाही. प्रार्थनांवर नेमलेला देवदूत, एवढेच म्हटले आहे. सगळे लोक एका वेळी प्रार्थना करत नाहीत. एका मंडळीची आटोपते, मग दुसरीची सुरू होते. शेवटची मंडळी थांबली की तो देवदूत त्या साऱ्या प्रार्थना गोळा करून त्यांचे मुकुट करतो. माझ्या मते या कथेचा प्राण त्या थांबण्यात आहे. आडगावी, उशिरा, अडखळत म्हटलेली प्रार्थना येईपर्यंत स्वर्गातील काम पुरे होत नाही.

अमेरिकन कवी लाँगफेलोने १८५८ साली याच देवदूतावर कविता लिहिली. त्याच्या कवितेत प्रार्थना देवदूताच्या हातात येताच फुले होतात. देवाला हार घालणाऱ्या आपल्या वाचकाला हा बदल गोड वाटेल, मलाही वाटला. मात्र फुलांच्या सुगंधात ते थांबणे हरवले. देवदूत कान देऊन ऐकतो खरा, पण कोणाची वाट पाहत नाही.

पुढे पाश्चात्त्य गूढविद्यावाल्यांनी तर फुलेही ठेवली नाहीत. १८८८ साली लंडनमध्ये ‘गोल्डन डॉन’ नावाचे मंडळ स्थापन झाले. कबालातील दहा तत्त्वांपैकी शेवटचे ‘मलखुत’, म्हणजे राज्य, अर्थात ही पृथ्वी. तिचा देवदूत सांदलफोन, अशी त्यांची मांडणी. पाय जमिनीवर असलेल्या देवदूताला पृथ्वी देणे चुकीचे नव्हे. परंतु अ‍ॅलिस्टर क्रोलीचे १९०९ सालचे ‘७७७’ उघडावे, तो सारे कोष्टकच! अमुक तत्त्वाला अमुक रंग, अमुक रत्न, अमुक धूप. पंचांग मीही पाहतो, तेव्हा कोष्टकांना नाके मुरडण्याचा मला अधिकार नाही; पण पंचांगातल्या तिथीला निदान कोणाच्या तरी घरी पुरण शिजते. येथे साधक देवदूताला स्वतःच्या सामर्थ्यासाठी बोलावतो. इतरांच्या प्रार्थनांचे काय झाले, हे त्या कोष्टकाच्या कोणत्याच रकान्यात सापडत नाही.

मध्ययुगीन कबालाने मात्र एक विलक्षण गोष्ट केली. सांदलफोन म्हणजे पूर्वीचा एलिया प्रेषित, असे तिच्यातील काहींनी मानले. हा एलिया आपल्या तुकोबांसारखा सदेह गेलेला. त्याला न्यायला अग्निरथ आला. पण त्याची निवड रथामुळे झाली असेल, असे मला वाटत नाही. १९७२ चा दुष्काळ ज्या मुलखाच्या बोलण्यातून अजून गेलेला नाही, त्या मुलखातल्या वाचकाने बायबलातील त्याची पावसाची कथा वाचावी. वर्षानुवर्षे अवर्षण, एलिया कर्मेल डोंगरावर गुडघ्यांत डोके घालून बसलेला, गड्याला समुद्राकडे पाहायला पाठवतो. काही नाही. पुन्हा पाठवतो. सातव्या खेपेला तळहाताएवढा एक ढग दिसतो. सहा वेळा रिकामा निरोप ऐकलेल्या माणसाखेरीज, शेवटच्या प्रार्थनेसाठी थांबण्याचे काम आणखी कोणाला जमले असते?

आणि हा एलिया आपल्याला परका नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले कोकणातील बेने इस्राएल त्याला एलियाहू हन्नबी म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा. शबात महिन्याच्या पौर्णिमेच्या सणाला त्यांनी नाव दिले ‘एलियाहू हन्नबीचा उरूस’. उरूस! संदल ऐकू येणारा माझा कान अगदीच चुकला नव्हता, म्हणायचे. नवस फेडताना, लग्नकार्यात ते एलियाच्या नावाने मलिदा करतात. आमच्याकडचा मलिदा पोळी कुस्करून गूळतुपाचा. त्यांचा पोह्यांचा, गोड, ओले खोबरे घातलेला, भोवती फळे मांडलेली. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुतेक घरे इस्राएलला गेली. कर्मेल डोंगर आता त्यांच्याच देशात आहे. तेथेही नवस फेडायचा झाला की पोहे भिजतात, खोबरे खवले जाते, आणि एलियाचे गाणे म्हणून झाल्यावर ताट सगळ्यांपुढून फिरते.