वाद्यवृंदाचा हंगाम

सालेकशासारख्या गावी बसून मुंबईच्या पाश्चात्य वाद्यवृंदाविषयी लिहिणे कित्येकांस धाडसाचे वाटेल. मुंबई येथून आगगाडीने सुमारे हजार किलोमीटर. आणि संगीताचे विद्यापीठ म्हणाल, तर ते अगदी उलट दिशेस, डोंगरगडापलीकडे खैरागडास १९५६ पासून आहे. तथापि जो वाद्यवृंद स्वतःस मुंबईचा न म्हणवता ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ म्हणवतो, त्यास दूरच्या श्रोत्यानेही चार प्रश्न विचारावेत, हे योग्यच होय.

खुश्रू सुंतूक व कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी हा वृंद २००६ साली नरिमन पॉइंट येथील ‘एन. सी. पी. ए.’ या संस्थेत उभा केला. त्याचे मुख्य हंगाम दोन: एक फेब्रुवारीच्या सुमारास, दुसरा सप्टेंबरच्या. वादन उत्तम असते, यात शंका नाही. तंतुवाद्यांचा घोळदार, एकजीव नाद आमच्या कानांस विशेष सुखावतो. परंतु हे वादक आहेत कोण? निम्म्याहून अधिक कझाकस्तान व इतर परदेशांतून येतात आणि हंगाम सरला की बहुतेक परत जातात. येथे कायम राहणारे भारतीय वादक मूठभरच.

मुंबईत वादक नव्हतेच, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. मेहली मेहता यांनी १९३५ सालीच बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापिला होता. पुढे गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांच्या व्हायोलिनांवर हिंदी चित्रपटसंगीत पोसले गेले. त्यांतील अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यमेळाकडून वाजवून घेतल्या. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले. त्या प्रयोगास आश्रय मिळाला नाही आणि गोन्साल्विस १९६५ मध्ये अमेरिकेस गेले. नंतर ध्वनिमुद्रणगृहांत विजेची वाद्ये आली, वीस व्हायोलिनांचे काम एक यंत्र करू लागले, आणि ती पिढी विखुरली. श्रोते त्यांची गाणी गुणगुणत राहिले. वादकांची नावे मात्र कोणास ठाऊक नव्हती.

हंगामातील सर्वांत विचारार्ह कृती कोणती, असे विचारल्यास आम्ही झाकीर हुसेन यांच्या ‘पेशकार’कडे बोट दाखवू. याच वृंदासाठी रचलेली ही कृती २०१५ साली प्रथम वाजली व २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यातही होती. पेशकार म्हणजे तबल्याच्या स्वतंत्र वादनाचा आरंभ. ठेक्याचे अंग न सोडता वादक हळूहळू विस्तार करतो. आता समोर प्रत्येक मात्रा कागदावर लिहून घेतलेला वृंद, आणि मध्ये तबला, ज्याचा जीवच आयत्या वेळच्या सुचण्यात आहे. रागाचा श्रोता पुढचा स्वर कसा येईल याची वाट पाहतो. सिम्फनीचा श्रोता मागे ऐकलेला स्वरसमूह कोणत्या रूपात परत येईल याची. या दोन सवयींस एकत्र बसवणे कठीण. आमच्या मते तबला तेथे पूर्ण मोकळा वाटतो, वृंद मात्र अनेकदा नुसता साथीदार होतो. तरीही परक्या कृतींच्या शंभर सुबक आवृत्त्यांपेक्षा हा अपुरा प्रयत्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. झाकीर हुसेन २०२४ च्या डिसेंबरात निवर्तले; ही कृती आता दुसऱ्या हातांनी जगली पाहिजे.

२०२३ साली झुबिन मेहता यांनी या वृंदाचे संचालन केले, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. होणारच; मुंबईचा पुत्र, आणि मेहलींचा मुलगा! पण २०१२ पासून याच संस्थेत लहान मुलांस व्हायोलिन व चेलो शिकवणारी जी शाळा चालते, तिच्याविषयी कोण बोलतो? बोटे वळण्याच्या वयात रोजचा गुरू मिळाला, तरच पंधरा-वीस वर्षांनी वृंदातील शेवटच्या रांगेची खुर्ची भरते.

समूहवादन आपल्या मातीस परके आहे, ही सबबही चालावयाची नाही. फेब्रुवारीच्या हंगामाच्या सुमारासच, माघी पौर्णिमेस, आमच्या शेजारी कचारगडास गोंड बांधवांची यात्रा भरते. तेथे ढोल एकट्याने वाजत नाहीत. नागपुरापर्यंत तरी या वृंदाने दर हंगामी एक मैफल आणावी, आणि त्या शाळेतील मुलांस मागच्या रांगेत बसवूनच आणावी.