'आपला माणूस' आणि न्यायाची मोजपट्टी

आपल्यातला एखादा माणूस मोठ्या पदावर पोचला आणि त्याच्यावर लाचेचा आरोप झाला, की आपल्या वस्त्यांत आणि वसतिगृहांत एकच वाक्य प्रथम उच्चारले जाते : 'तो आपला म्हणून त्याला अडकवला.' हे वाक्य खोटे असते असे मी म्हणणार नाही. अनेकदा ते खरे ठरले आहे. माझी तक्रार अशी, की ते उच्चारताच आपली चौकशी तिथेच थांबते. म्हणून अमेरिकेतल्या एका काळ्या न्यायाधीशाची कारकीर्द तपासून पाहावी असे मला वाटते. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेतले. तिथल्या काळ्यांच्या लढ्याशी आपण नाते सांगतो, तर त्यांच्या अडचणीच्या प्रश्नांशीही ते सांगितले पाहिजे.

आल्सी हेस्टिंग्ज यांचा जन्म १९३६ साली फ्लोरिडात झाला. आईवडील दोघेही घरकाम करणारे नोकर. १९६३ साली ते फ्लोरिडा ए अँड एम या काळ्यांच्या विद्यापीठातून वकील झाले. गोऱ्यांच्या विद्यापीठात काळ्यांना घ्यावे लागू नये म्हणून राज्याने तिथे वेगळे विधी महाविद्यालय काढले होते आणि १९६८ साली ते बंदही केले. अशा वाटेने आलेला हा माणूस १९७९ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या नेमणुकीने फ्लोरिडातला पहिला काळा फेडरल न्यायाधीश झाला. हे पद तहहयात असते. त्या दिवशी काळ्या वस्त्यांत काय वाटले असेल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दोनच वर्षांनी आरोप आला. रोमानो नावाच्या दोन भावांना त्यांच्या न्यायालयात शिक्षा झाली होती. दीड लाख डॉलर दिल्यास तुरुंग टळेल आणि जप्त मालमत्ता परत मिळेल, असा सौदा हेस्टिंग्ज यांचे वकीलमित्र विल्यम बॉर्डर्स करीत होते. समोर रोमानो म्हणून बसलेला माणूस मात्र एफ.बी.आय.चा निवृत्त अधिकारी होता. न्यायाधीश सौद्यात आहेत याची खूण म्हणून ते ठराविक दिवशी मायामीच्या एका हॉटेलात जेवायला येतील, असे बॉर्डर्सने सांगितले. हेस्टिंग्ज आले. पुढे ८ लाख ४५ हजार डॉलरची मालमत्ता परत करण्याचा हुकूमही निघाला. ऑक्टोबर १९८१ मध्ये पैसे घेताना बॉर्डर्स पकडला गेला आणि त्याला शिक्षा झाली. हेस्टिंग्ज यांचे म्हणणे असे, की बॉर्डर्सने माझे नाव परस्पर विकले; हुकूम तर वरिष्ठ न्यायालयाच्या निर्णयानुसारच दिला. फेब्रुवारी १९८३ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले.

इथेच गोष्ट संपायला हवी होती, असे कोणीही म्हणेल. पण त्यांच्याच वर्तुळातल्या दोन न्यायाधीशांनी तक्रार केली, की हेस्टिंग्ज स्वतःच्या खटल्यात खोटे बोलले. न्यायाधीशांच्या समितीने तीन वर्षे चौकशी केली. तिचे वकील होते जॉन डोअर. १९६२ साली जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून जमावासमोर त्याच्या सोबत चालत गेलेले तेच डोअर. समितीने आरोप खरे मानले. प्रकरण काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात गेले, तेव्हा चौकशीची सूत्रे जॉन कॉनयर्स यांच्या हाती आली. कॉनयर्स काळे. नागरी हक्कांच्या लढ्यात मुरलेले. रोझा पार्क्स यांना आपल्या डेट्रॉइटच्या कचेरीत नोकरी देणारे. वर्णद्वेषाचा वास येतो आहे असा संशय घेऊनच त्यांनी पुरावा वाचायला घेतला आणि वाचून झाल्यावर ते उलट निष्कर्षाला आले. न्यायव्यवस्थेतला एक भ्रष्टाचार घालवून त्या जागी दुसरा बसवण्यासाठी आपण लढलो नाही, अशा अर्थाचे ते सभागृहात बोलले. ऑगस्ट १९८८ मध्ये ४१३ विरुद्ध ३ मतांनी महाभियोग मंजूर झाला. २० ऑक्टोबर १९८९ रोजी सिनेटने हेस्टिंग्जना पदावरून दूर केले.

मग वर्णद्वेषाचा आक्षेप निव्वळ कांगावा होता का? तसे म्हणणेही आळशीपणाचे आहे. १९८६ साली क्लेबोर्न आणि १९८९ सालीच वॉल्टर निक्सन हे दोन गोरे न्यायाधीशही महाभियोगाने गेले. परंतु त्या दोघांना फौजदारी न्यायालयात शिक्षा झालेली होती. ज्यूरीने निर्दोष सोडलेला एकटा हेस्टिंग्जच. शिवाय रोमानो बनून बसलेल्या एच. पॉल रिको या अधिकाऱ्याला पुढे २००३ साली एका खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. चौकशीत एफ.बी.आय.च्या एका तज्ज्ञाने पर्सच्या पट्ट्यावरील प्रयोगाबद्दल दिलेली साक्ष खोटी होती, असे अमेरिकेच्या न्यायखात्याच्याच १९९७ च्या अहवालात निघाले. काळ्या माणसाने ह्या यंत्रणेवर डोळे झाकून विश्वास का ठेवावा?

पण यंत्रणा मलिन होती म्हणून न्यायाधीश स्वच्छ ठरत नाही. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि हेच मान्य करणे आपल्याला जड जाते. तुरुंगात टाकायला संशयापलीकडचा पुरावा लागतो. न्यायासनावर ठेवायला त्याहून अधिक काही लागते : दारात आलेल्या सर्वांत दुबळ्या माणसाला, हा निकाल विकलेला नाही, असा विश्वास वाटला पाहिजे. विकाऊ न्यायालयात श्रीमंत निदान बोली लावू शकतो. आपल्याकडे बोली लावायला काय आहे? म्हणून लाचखोर न्यायाधीश आपल्याच जातीचा असला तरी त्याचा पहिला बळी आपणच असतो.

सिनेटने हेस्टिंग्ज यांना पुढील पदांना अपात्र ठरवले नाही. १९९२ साली काळ्या बहुसंख्येच्या मतदारसंघातून ते प्रतिनिधिगृहात निवडून गेले, ज्या सभागृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला होता त्यातच. आणि २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. त्या मतदारांना मी दोष देणार नाही. अपमानाला दिलेले ते उत्तर होते. परंतु मतपेटी अपमानाचे उत्तर देते, पुराव्याचे देत नाही.

आपल्याकडे न्या. पी. बी. सावंत यांच्या समितीने न्या. व्ही. रामस्वामी यांना दोषी ठरवले. ११ मे १९९३ रोजी लोकसभेत पदच्युतीच्या ठरावाला १९६ मते पडली, विरोधात एकही नाही. पण काँग्रेस व मित्रपक्षांचे २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि ठराव पडला. तिथे आरोपीच्या समाजातला कॉनयर्स उभा राहिला. इथे दोनशेवर माणसे बसून राहिली. प्रस्थापितांना असे बसून राहणे परवडते. आपल्याला परवडणार नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला होता. तो फक्त दुसऱ्यांच्या देवांसाठी होता असे आपण सोयीने समजतो. आपल्या माणसावर आरोप झाला, तर निःपक्ष चौकशीची मागणी सर्वांत मोठ्याने आपणच केली पाहिजे, तीच मोजपट्टी वरच्या जातींनाही लावा असे ठणकावून सांगितले पाहिजे, आणि पुरावा समोर आला की कॉनयर्ससारखा तो शेवटपर्यंत वाचला पाहिजे.