शालेय वयातील परराष्ट्रनीती : एका उन्हाळी अभ्यासक्रमाचे परीक्षण

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांतून उन्हाळ्याच्या सुट्टीत शालेय विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचे अल्पकालीन वर्ग भरतात. १९१९ साली परराष्ट्रसेवेचे शिक्षण देणारी स्वतंत्र शाखा काढणारे वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठही त्यांत आहे. व्याख्याने, वकिलातींना व सरकारी कचेऱ्यांना भेटी आणि एखाद्या संकटावरील अभिरूप बैठक, असा या वर्गांचा सर्वसाधारण साचा होय. विषयाचा परिचय आणि व्यवसायाची ओळख हे दोन हेतू तेथे एकमेकांस पूरक मानले जातात. वस्तुतः दुसरा हेतू पहिल्याला आपल्या मापाने कापून घेतो. ज्याला उद्या अधिकारी व्हावयाचे आहे, त्याला जग अधिकाऱ्याच्या खुर्चीवरूनच दाखविले जाते.

अभिरूप बैठकीत हे विशेषत्वाने जाणवते. उदाहरणादाखल १९६२ च्या ऑक्टोबरमधील क्यूबाचा पेच घ्यावा. केनेडींच्या सल्लागारांच्या भूमिका विद्यार्थ्यांना वाटून दिल्या, की हवाई हल्ला की नाविक नाकेबंदी, एवढाच प्रश्न उरतो. तेरा दिवसांचा तिढा एका दुपारी सुटतो. प्रत्यक्षात तो सुटला तो बव्हंशी त्या खोलीबाहेर. २७ ऑक्टोबरला रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएट राजदूत दोब्रीनिन यांना तुर्कस्तानातील अमेरिकन क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे गुप्त आश्वासन दिले; सल्लागारांपैकी बहुतेकांना त्याची वार्ताही नव्हती. आणि ज्या बेटावरून हे सारे रण माजले, त्याच्या कॅस्ट्रोंना तडजोडीपूर्वी कोणी विचारले नाही. अभिरूप बैठकीत क्यूबाला खुर्ची नसते, हे इतिहासाला धरूनच आहे असे कोणी म्हणेल. परंतु ती का नव्हती, हा प्रश्न वर्गात निघाला नाही तर आंतरराष्ट्रीय संबंधांचे शिक्षण तेथे झालेच नाही.

अशा प्रयोगांची शैक्षणिक फलश्रुती अज्ञात नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅरल्ड गेट्झकाव यांनी १९५० नंतरच्या दशकात राष्ट्रांराष्ट्रांतील व्यवहाराचे अभिरूप रचले. पुढे क्लिओ चेरीहोम्स यांनी १९६६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा विद्यार्थ्यांची आस्था वाढलेली दिसली. ज्ञान, स्मरण वा चिकित्सक विचार यांत मात्र नेहमीच्या अध्यापनाहून लक्षणीय सरसता आढळली नाही. आस्था ही लहान गोष्ट नव्हे. सोळा वर्षांच्या मुलाला तुर्कस्तान नकाशावर शोधावासा वाटला, तरी पुष्कळ झाले.

व्यवसायाच्या अंगाचा विचार मात्र अधिक कठोरपणे करावयास हवा. १९२४ च्या रॉजर्स कायद्याने राजनैतिक व वाणिज्यदूत सेवा एकत्र आल्या आणि स्पर्धापरीक्षेने प्रवेश देणारी स्थिर सेवा उभी राहिली. व्यवसायमार्गदर्शनातील सारा आत्मविश्वास या स्थैर्यावर उभा असतो. परंतु १९६१ साली निघालेल्या परदेशी विकाससाह्याच्या अमेरिकन संस्थेचे काम १ जुलै २०२५ रोजी थांबले, आणि त्याच महिन्यात परराष्ट्रखात्याने तेराशेहून अधिक कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा दिल्या. त्यांत परराष्ट्रसेवेतील अधिकारीही होते. सेवा कशी मिळते हे शिकविणाऱ्या वर्गाने ती कशी जाते, हेही सांगावयास हवे. वकिलातीची भेट एका दुपारीपुरती कमी करून, त्या नोटिसा मिळालेल्यांपैकी एखाद्याला व्याख्यानास बोलाविणे कठीण नाही. व्हिसाच्या खिडकीमागे दिवसभर अर्ज तपासणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्यालाही त्याच्याबरोबर बोलवावे. नव्या अधिकाऱ्याच्या वाट्याला आरंभी बहुधा तेच काम येते.