मानाची जागा कोणत्या मीटरला?

डॅटसन २४०झेड या जपानी स्पोर्ट्स कारचं कौतुक १९६९पासून होतं ते तिच्या लांबलचक बॉनेटमुळे. मला मात्र तिची खरी हुशारी आत बसल्यावर दिसते. स्टीअरिंगमागे दोनच मोठे मीटर आहेत, एक वेगाचा आणि एक आरपीएमचा. बाकीचे तीन छोटे मीटर डॅशबोर्डच्या मधोमध, वरच्या अंगाला, खोल नळकांड्यांत बसवलेत आणि तिघांचीही तोंडं चालकाकडे वळवलेली आहेत. खोलीमुळे काचेवर ऊन चमकत नाही आणि वळवल्यामुळे मान फिरवावी लागत नाही.

आता त्यांचा क्रम पाहा. डावीकडे स्टीअरिंग असलेल्या, अमेरिकेसाठीच्या २४०झेडमध्ये चालकाच्या सर्वांत जवळच्या तबकडीत पाण्याचं तापमान आणि ऑइल प्रेशर आहे. मधल्या तबकडीत ॲमीटर आणि पेट्रोल. घड्याळ पार पलीकडे. ज्याच्यावर इंजिनाचा जीव, तो हाकेच्या अंतरावर आणि ज्याच्यावाचून काही अडत नाही, तो पंगतीच्या शेवटी!

तरी एक गोष्ट खटकते. पाणी तापायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे तो काटा अधूनमधून पाहिला तरी भागतं. ऑइल प्रेशरचं तसं नाही. जोरात घेतलेल्या वळणावर चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरकतं, पंप ऑइलऐवजी हवा ओढतो, प्रेशर कोसळतं आणि काही सेकंदांत बेअरिंग खराब होऊ शकतं. इतक्या उतावळ्या काट्याला अर्धीच तबकडी आणि तीही समोर नाही, हे कमीच पडतं.

अमेरिकेच्या पाँटिॲक कंपनीने दुसरं टोक गाठलं. १९६७च्या जीटीओवर आरपीएमचा मीटर थेट बॉनेटवर, काचेच्या पलीकडे बसवून मिळे. नजर रस्त्यावरून हलायलाच नको. पण बिचारा मीटर उन्हापावसात उघडा!

२४०झेडची वारसदार असलेल्या २०२३च्या निस्सान झेडने डॅशबोर्डच्या मधले ते तीन मीटर जपले आहेत. त्यांत आता बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब, टर्बोच्या फिरण्याचा वेग आणि व्होल्टेज दिसतं. बूस्ट ठीक आहे. पण टर्बो किती वेगाने फिरतोय हे पाहून चालक करणार काय? इथे मीटर शोभेचा झाला. उलट समोरच्या १२.३ इंची पडद्यावर गिअर बदलायची खूण आरपीएमच्या तबकडीत बरोबर बाराच्या जागी आणता येते, ती मला अस्सल वाटते. रेसवाले जुन्या काळापासून तबकडीच फिरवून बसवत आले आहेत, म्हणजे सगळं ठीक असताना सर्व काटे सरळ वर उभे दिसतात. आकडा वाचायची गरजच नाही, तिरका काटा लगेच डोळ्यांत भरतो.

तुम्हाला गाडीत जास्तीचे मीटर लावायचे असतील, तर भोकं पाडण्याआधी ५२ मिलिमीटरच्या पुठ्ठ्याच्या चकत्या टेपने चिकटवून पाहा. आपल्याच सीटवर, पट्टा लावून, दिवसा आणि रात्रीही. काचेशेजारचा खांब नजरेच्या ओळीत येतो खरा, पण तिथे वळणाचा कोपरा झाकला जातो आणि कित्येक गाड्यांत त्याच्या आत एअरबॅग असते. तशा खांबाला हात लावू नका. ऑइल प्रेशर आणि बूस्ट स्टीअरिंगजवळ ठेवा, तापमान आणि व्होल्टेज मधे चालेल. ऑइलसाठी धोक्याचा लाल दिवा मात्र हवाच, कारण ऐन वळणात काट्याकडे कुणीच बघत नाही.