मनोरा, जिना आणि दळण

आपल्या चळवळीच्या नियतकालिकांनी कवितेची समीक्षा केली, आत्मकथनाची केली, नाटकाची आणि जलशाचीही केली. खेळाची मात्र केली नाही. खेळ म्हणजे फावल्या वेळची करमणूक, त्यात मूल्यविचार तो कसला, अशी आपली समजूत आहे. परंतु ज्या गोष्टीत आपला तरुण रोज दोन-दोन तास घालवतो, आणि जिच्यातून मोठा कोण, लहान कोण, लायक कोण, नालायक कोण या कल्पना तो नकळत उचलतो, ती गोष्ट मूल्यनिरपेक्ष असूच शकत नाही. खापर हे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे, गुजरातच्या सीमेलगतचे गाव. इथल्या विद्यार्थ्याला हवे ते पुस्तक मिळवण्यासाठी नंदुरबार गाठावे लागते; खेळ मात्र त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. म्हणून खेळाची चिकित्सा टाळून चालणार नाही.

माझ्यापुढे आहेत ते इंटरनेटवरून अनेकांनी मिळून खेळायचे भूमिकांचे खेळ. खेळणारा एक पात्र धारण करतो. योद्धा, मांत्रिक, वैद्य, असे काहीही. त्या पात्राला एक 'लेव्हल' असते, म्हणजे पायरी. शत्रू मारला की गुण मिळतात; गुण साठले की पात्र वरच्या पायरीवर जाते; तिथे नवे बळ, नवे शस्त्र, नवा प्रदेश. पायरी चढण्यासाठी एकच काम शेकडो वेळा करावे लागते. खेळणारे त्याला 'ग्राइंड' म्हणतात, म्हणजे आपले दळण. या पायऱ्या आणि हे दळण काढून टाकून असा खेळ रचता येईल काय, हा प्रश्न खेळ रचणाऱ्यांत बरीच वर्षे चर्चिला जात आहे. ते त्याकडे कंटाळ्याचा प्रश्न म्हणून पाहतात. माझ्या मते तो समतेचा प्रश्न आहे, आणि म्हणून आपला आहे.

या पायऱ्या आल्या कुठून, हे आधी पाहू. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. अनुभवाचे गुण आणि पायऱ्या ही कल्पना या खेळामुळे रूढ झाली. त्याच्या पहिल्याच नियमांत एक गोष्ट अशी आहे की आपल्या वाचकाने ती वाचून थबकावे. पात्र मनुष्यवंशाचे असेल तर त्याला चढण्याची मुभा. परंतु ते 'ड्वार्फ' या ठेंगू वंशाचे असेल तर सहाव्या पायरीवर थांबायचे, आणि 'हॉबिट' असेल तर चौथीवर. कितीही पराक्रम करा, वंशाने जी पायरी नेमून दिली तिच्यापुढे दार बंद! हा निर्बंध २००० सालच्या आवृत्तीत उठला. 'रेस' हा शब्द तर २०२४ च्या नियमपुस्तकापर्यंत टिकून होता. कल्पनेतले जग रचतानाही माणूस जन्मसिद्ध उच्चनीचता बरोबर घेऊन जातो, याला वेगळा पुरावा नको.

दुसरा धागा मात्र उलट दिशेने जातो, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. अनेकांनी एकाच वेळी संगणकावरून शिरावे असे हे पहिल्या काल्पनिक जगांपैकी एक. आजचे सारे भूमिकांचे ऑनलाइन खेळ या घराण्यातले. बार्टल यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे की हा खेळ त्यांच्या दृष्टीने राजकीय विधान होता. इंग्लंडातल्या वर्गव्यवस्थेत माणूस कुठल्या घरात जन्मला, कसा बोलतो, यावर त्याची किंमत ठरे. ज्या जगात किंमत जन्मावर नव्हे तर करणीवर ठरेल असे जग त्यांना रचायचे होते. पायऱ्या त्यांनी त्यासाठी घातल्या. कोणीही शिरावे, तळापासून सुरुवात करावी आणि आपल्या बळावर वर जावे.

इथे आपल्याला 'मूकनायक' आठवतो. १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे त्याचा एकेक मजला. आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिनाच नाही. या उपमेच्या भाषेत बोलायचे तर बार्टल यांनी मनोऱ्याला जिना बसवला. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. परंतु प्रश्न उरतोच. जिना बसवला म्हणून मनोरा पडतो काय?

पहिली गोष्ट, जिना चढायला वेळ लागतो आणि वेळ सर्वांना सारखा मिळालेला नाही. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलाचा खेळ तितके महिने थांबतो. घरात मोबाइल एक आणि हात चार. शहरातल्या ज्या मुलाला स्वतंत्र खोली आणि अखंड इंटरनेट आहे तो तेवढ्यात वीस पायऱ्या पुढे गेलेला असतो. खेळ मात्र दोघांच्या डोक्यावर आकडा लावतो आणि त्याला कर्तृत्व म्हणतो. गुणवत्तेच्या नावाने राखीव जागांविरुद्ध जो युक्तिवाद केला जातो, त्याचा साचा हाच आहे. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. फॉर्म कुठे मिळतो, दाखला कोण देतो, शिष्यवृत्तीची तारीख कोणाला विचारायची, यात माझे जे दिवस गेले त्यांची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेवर नाही. प्राध्यापकाच्या मुलाला ते दिवस खर्चावे लागले नाहीत, याचीही नाही. आकडा कुठे पोचला ते सांगतो. कुठून निघाला ते झाकतो.

दुसरी गोष्ट, दळण जिथे आहे तिथे ते दुसऱ्याकडून दळून घेणारा येतोच. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनमध्ये पगारी मजूर दिवसरात्र असे खेळ खेळत आणि त्यांनी मिळवलेले खेळातले सोने श्रीमंत देशांतल्या खेळाडूंना विकले जाई. पुढे कंपन्यांनी स्वतःच दुकान मांडले. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या सर्वांत गाजलेल्या खेळात २०१४ पासून पैसे मोजून पात्र एकदम ९० व्या पायरीवर नेता येऊ लागले. आधी कंटाळा निर्माण करायचा आणि मग त्यातून सुटका विकायची! दळणारी एक, भाकरी खाणारा दुसरा, हे आपल्या आयाबायांना नव्याने सांगायला नको.

तिसरी गोष्ट सर्वांत खोल आहे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिचे वैशिष्ट्य असे की अगदी तळाचा सोडला तर प्रत्येकाला तुच्छ लेखायला खाली कोणीतरी मिळतो; म्हणून मनोरा पाडायला सगळे एकत्र येत नाहीत. पायऱ्यांचा खेळ ही मनोवृत्ती दररोज घटवून घेतो. आमचे विद्यार्थी खेळतात तो 'बीजीएमआय' काही भूमिकांचा खेळ नव्हे, गोळीबाराचा आहे. पण शिडी तीच. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस आणि सर्वांत वर कॉन्करर. गोल्डवाला ब्राँझवाल्याला आपल्या टोळीत घेत नाही. हंगाम संपला की कंपनी सर्वांना खाली ओढते आणि पुन्हा चढायला लावते. 'वॉरक्राफ्ट'मध्ये २००४ साली शेवटची पायरी ६० वी होती. २००७ मध्ये ७०, २००८ मध्ये ८० झाली. वाढत वाढत १२० वर गेली. आणि २०२० साली मालकांनी १२० च्या पात्रांना एका फटक्यात ५० वर आणून शेवटची पायरी पुन्हा ६० ठरवली. सोळा वर्षांच्या दळणाचे मोल मालकाच्या एका निर्णयावर! जिना चढणाऱ्याच्या मालकीचा कधीच नव्हता.

तेव्हा पायऱ्याच काढाव्यात, हा विचार ओघाने येतो. तो प्रत्यक्षात येऊनही गेला आहे. १९८९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स अॅस्पनेस यांनी 'टायनीमड' रचला. त्यात मारायला राक्षस नव्हते, गुण नव्हते, पायऱ्या नव्हत्या. जो शिरेल त्याने खोल्या बांधाव्यात, वस्तू घडवाव्यात, इतरांशी बोलावे. पुढच्याच वर्षी पॅव्हेल कर्टिस यांनी याच जातकुळीचा 'लॅम्बडामू' सुरू केला. नवा आलेला पहिल्या तासापासून जुन्याच्या बरोबरीने काही घडवू शकत होता. ही मोठीच गोष्ट होती.

परंतु इथे भाबडेपणा नको. 'लॅम्बडामू'त पायऱ्या नव्हत्या, तरी सत्ता होती. यंत्राच्या किल्ल्या ज्यांच्या हातात होत्या त्यांना 'विझार्ड' म्हणत. १९९२ च्या अखेरीस त्यांनी जाहीर केले की लोकांच्या भांडणांत आम्ही यापुढे पडणार नाही. १९९३ साली एका खेळाडूने इतरांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केला. लोक जमले, तासन्‌तास बोलले. पण निर्णय घेण्याची रीतच नव्हती. शेवटी एका विझार्डाने स्वतःच्या अखत्यारीत त्या खेळाडूला काढून टाकले. त्यानंतर अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली गेली. ती रखडली, आणि १९९६ साली विझार्डांनी अधिकार पुन्हा आपल्या हाती घेत असल्याचे सांगितले.

या अनुभवाचा अर्थ पायऱ्या परवडल्या असा मी घेत नाही. अर्थ असा की उतरंड काढली की आपोआप समता येत नाही. उघड उतरंड गेली की छुपी उतरंड डोके वर काढते: जुन्या ओळखींची, उत्तम इंग्रजीची, किल्ली हातात असणाऱ्यांची. संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, बाबासाहेबांनी याच विसंगतीचा इशारा दिला होता: राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. पायऱ्यांविना खेळ रचणाऱ्याने म्हणूनच दोन कामे एकदम केली पाहिजेत. मनोरा पाडायचा, आणि मोकळ्या झालेल्या जागेचे नियम सर्वांच्या संमतीने लिहायचे. पहिले काम पुष्कळांनी केले. दुसरे अर्धवट राहिले.

पायऱ्यांविना भूमिका हे आपल्याकडे नवे नाही. आमच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत नवस केलेली माणसे बावा-बुध्या होतात. मोरपिसांचा टोप, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरे. काही दिवस व्रताचे नियम पाळायचे, रात्रभर नाचायचे, पहाटे होळी पेटते. व्रत संपले की तो माणूस पुन्हा शेतात. भूमिका पूर्ण मनाने घेता येते आणि पूर्ण मनाने उतरवता येते. तिचा आकडा डोक्यावर साठवावा लागत नाही. अर्थात हिला राजवाडी होळी म्हणतात, तिच्यामागे काठी संस्थान होते, हे विसरून तिला समतेचा आदर्श ठरवणे खोटेपणाचे होईल. उलट बाजूला आपला बहुरूपी उभा आहे. सकाळी पोलीस, दुपारी डॉक्टर. रोज नवे सोंग आणि मागची जात तीच. भूमिका बदलण्याचे स्वातंत्र्य आणि माणूस म्हणून मिळणारे स्वातंत्र्य यांत किती अंतर आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक?

म्हणून मला हवा असलेला खेळ साधारण असा आहे. सातपुड्यातले एक गाव. कोणी वनहक्काचा दावेदार, कोणी वनरक्षक, कोणी तलाठी, कोणी ऊसतोडीहून परतलेली बाई, कोणी धरणात गाव गेलेला विस्थापित. अक्कलकुव्यातले मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले. ही पात्रे कल्पनेतून आणावी लागत नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने दावे तपासायला ग्रामसभेपासून सुरुवात करायला सांगितले. खेळाचे केंद्र तीच ग्रामसभा. इथे कोणाचे पात्र बलवान होत नाही. बदलते ते गाव. दावा मंजूर होतो किंवा फेटाळला जातो, कोणी शब्द पाळतो किंवा मोडतो, आणि गाव ते लक्षात ठेवते. चार महिन्यांनी परतलेला खेळाडू मागे पडलेला नसतो. त्याच्या गैरहजेरीत काय ठरले हे विचारण्याचा आणि त्याला आव्हान देण्याचा हक्क त्याला असतो. आज तलाठी झालेला उद्या दावेदार होतो. आणि खेळाचे नियम बदलण्याचा अधिकार कंपनीकडे नव्हे, खेळणाऱ्यांच्या सभेकडे, लेखी स्वरूपात असतो.

यात मजा कुठे, असे कोणी विचारील. वाढत्या आकड्याची मजा यात नाही, हे खरे आहे. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातून जुना आशय बाहेर काढला, तेव्हाही तमाशाची लज्जत गेली म्हणणारे होतेच. पण लोक रात्र-रात्र बसून जलसे ऐकत होते. माणसाला माणसाची सोबत, वाद आणि पेच यांचीही ओढ असते. ती नसती तर गावच्या पारावर कोणी बसलाच नसता.

आपल्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकलेली आपली मुले आता बाहेर पडू लागली आहेत. त्यांनी कंपन्यांचे जिने दुरुस्त करून देण्यातच आयुष्य घालवावे काय? कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी त्यांच्याबरोबर बसावे. संगणक नसला तरी वर्गात कागदाच्या चिठ्ठ्यांवर ही ग्रामसभा एक दिवस खेळून पाहावी, कोण बोलले आणि कोण गप्प राहिले ते लिहून ठेवावे, आणि त्यावरून पुढचा नियम ठरवावा.