आभाळावरचा घट्टा : स्कॉट्स भाषेतील मोडके इंद्रधनुष्य आणि एक कविता

पाऊस पडत असतो, ऊन तिरपे असते आणि आभाळाच्या कडेला इंद्रधनुष्याचा नुसता बुंधा दिसतो. कमान पुरी होत नाही. रंगही पक्के नसतात, हलल्यासारखे वाटतात. आपण त्याला 'अर्धवट इंद्रधनुष्य' म्हणतो आणि कामाला लागतो. स्कॉट्स भाषेत मात्र त्या तुकड्यालाच स्वतंत्र नाव आहे : वॉटरगॉ.

हा शब्द मला प्रथम भेटला तो रद्दीच्या दुकानातून आणलेल्या एका इंग्रजी काव्यसंग्रहात. ह्यू मॅकडायर्मिड यांची बारा ओळींची कविता होती, तिचे नावच 'द वॉटरगॉ'. घरातल्या इंग्रजी कोशात तो शब्द नव्हता. कवितेतले आणखी चार-पाच शब्दही नव्हते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. साहित्य मी वर्गात बसून शिकलो नाही. जे काही कळले ते कोश उघडून कळले. म्हणून हे शब्द शोधत गेलो आणि त्या बारा ओळींपाशी बरीच वर्षे राहिलो.

पुढे एका चर्चासत्रात मी या कवितेविषयी बोललो. एक प्राध्यापक म्हणाले, "ही सगळी शब्दकोशातून उचललेली भाषा आहे. मेलेल्या शब्दांना रंग लावून उभे केले आहे." त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

१

आधी एक खुलासा. स्कॉट्स म्हणजे गेलिक नव्हे. गेलिक ही केल्टिक कुळातली, डोंगराळ उत्तर-पश्चिमेची भाषा. स्कॉट्स ही सखल प्रदेशातली, इंग्रजीची सख्खी बहीण. बहीण असल्यामुळेच तिची पंचाईत झाली. 'ही वेगळी भाषा नव्हे, बिघडलेली इंग्रजी आहे,' असे तिला कायम ऐकावे लागले. बोलीला अशुद्ध म्हणण्याची सवय आपल्यालाही असल्याने हे दुखणे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

आता शब्दाकडे. 'वॉटर' म्हणजे पाणी. 'गॉ' हा इंग्रजीतल्या 'गॉल' या शब्दाचा स्कॉट्स उच्चार. त्याचा अर्थ घासून पडलेला चट्टा, घट्टा, खोट. खोगीर घासून घोड्याच्या पाठीला जे होते ते 'गॉल'. शेतात पीक न उगवलेली उघडी जागा असते, तीही 'गॉल'. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना बैलाच्या मानेवर जुवाने पडलेला जो घट्टा हाताला लागतो, त्यावरून मला हा शब्द नीट कळला. वॉटरगॉ म्हणजे पावसाळी आभाळाला पडलेला घट्टा. जर्मनमध्येही अशा तुकड्याला 'वासरगाले', 'रेगेनगाले' म्हणतात. म्हणजे ही प्रतिमा एका खेड्यातली नाही, बरीच जुनी आणि पसरलेली आहे.

याचे जुळे भावंड 'वेदरगॉ'. तोही इंद्रधनुष्याचा तुकडाच. पण त्याला दुसरा अर्थ आहे. खराब हवेच्या दिवसांत मध्येच एखादा दिवस लख्ख उजाडतो, ऋतूला न शोभेल इतका चांगला. तोही वेदरगॉ. असा दिवस आला की तिथला माणूस हरखत नाही, सावध होतो. याची परतफेड करावी लागणार, असे त्याला वाटते. किनाऱ्यावरच्या कोळ्यांत क्षितिजावरच्या तुकड्याला कुठे 'डॉग' म्हणजे कुत्रा म्हणत, कुठे 'टूथ' म्हणजे दात. ढगाआडून वाईट हवा दात दाखवते आहे, असा त्याचा अर्थ.

यात एक गोष्ट लक्षात येते. या शब्दांत सौंदर्याचे कौतुक कुठेच नाही. घट्टा, कुत्रा, दात. ज्याला होडी पाण्यात लोटायची आहे किंवा कळप माळावर न्यायचा आहे, त्याने ठेवलेली ही नावे आहेत. पुरी कमान डोळ्यांना सुख देते. कामाचा असतो तो तुकडा, कारण पाऊस नेमका कुठे पडतो आहे हे तो दाखवतो.

तुकड्याला वेगळे नाव देण्याची सोय आपल्या परंपरेतही होती. अमरकोशात इंद्रायुध आणि शक्रधनुष्य ही नावे देऊन झाल्यावर, तेच सरळ दिसले तर त्याला 'रोहित' म्हणावे, असे सांगितले आहे. वाक दिसू नये इतका थोडा भाग दिसला, तर ते सरळच दिसणार. वराहमिहिराने बृहत्संहितेत इंद्रायुधाच्या लक्षणांना स्वतंत्र अध्याय दिला. मराठीत इंद्रधनुष्य आले. रोहित मागे राहिला.

त्याचे एक कारण भूगोलात असावे. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर गेला की सपाट जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसत नाही. आपल्या पावसाळ्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, आणि पुष्कळदा तो दिसतच नाही. स्कॉटलंड ५५ अंश उत्तरेच्या आसपास आणि त्यापुढे. तिथे उन्हाळ्याची संध्याकाळ रात्री साडेनऊ-दहापर्यंत रेंगाळते, ऊन तासन्‌तास तिरपे राहते आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर सरींचे तुकडे येत-जात असतात. तुकड्यातुकड्याने पडणारा पाऊस इंद्रधनुष्यही तुकड्यानेच दाखवणार. गरज आणि दर्शन दोन्ही रोजचे, म्हणून नाव टिकले.

हवेचे बाकीचे शब्दही असेच कामातून आलेले. मार्चचे शेवटचे तीन दिवस म्हणजे 'उसने दिवस'. मार्चने ते एप्रिलकडून उसने घेतले, म्हणून ते वादळी. कोकिळेच्या कुळातला पक्षी येतो त्या सुमारास होणारे वादळ त्याच्याच नावाचे. आणि 'याउ-ट्रमल', म्हणजे मेंढीची थरथर : उन्हाळ्यात लोकर कातरून झाल्यावर अचानक पडणारी थंडी. नुकत्याच उघड्या झालेल्या मेंढ्या त्या थंडीत कापतात, त्यावरून हवेला नाव. पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' म्हणणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे नाव ठेवणारा माणूस लगेच ओळखीचा वाटला असता.

२

हे शब्द कवीपर्यंत कसे पोचले, याची हकिगत आपल्या देशातून जाते.

सर जेम्स विल्सन हे पंजाबातले आयसीएस अधिकारी. (मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन ते वेगळे. तेही स्कॉटिश, मोल्सवर्थच्या १८५७च्या आवृत्तीला मराठी भाषेविषयीचे टिपण त्यांनी जोडले.) जमीन-महसुलाच्या कामात खेड्यांतून हिंडताना जेम्स विल्सन लोकांचे बोलणे टिपत गेले. शाहपूर जिल्ह्यात, जो आज पाकिस्तानात आहे, बोलल्या जाणाऱ्या पश्चिमी पंजाबीचे व्याकरण आणि कोश त्यांनी १८९९ साली प्रसिद्ध केला. त्यात म्हणी आणि गावची बोलणी होती. निवृत्तीनंतर ते मायदेशी परतले आणि पर्थशायरमधल्या लोअर स्ट्रॅथअर्न या भागाची बोली त्यांनी त्याच पद्धतीने नोंदवली. ते पुस्तक १९१५ साली आले. परक्या मुलखातल्या कुणब्याचे बोलणे कान देऊन ऐकायचे, ही सवय लागल्यावरच त्यांना आपल्या मुलखाचे बोलणे नोंदवण्याजोगे वाटले, असे माझे अनुमान आहे. निदान दोन्ही पुस्तकांचा क्रम तरी तसा आहे. साम्राज्याच्या कारभाराने आपल्याकडे काय केले ते आपण जाणतो. त्या कारभारातल्या एका सवयीचा असाही उपयोग झाला, हेही नोंदवले पाहिजे.

मॅकडायर्मिड यांचे खरे नाव ख्रिस्तोफर मरे ग्रीव्ह. जन्म १८९२, सीमेजवळच्या लँगहोम गावी; वडील पोस्टमन. ग्रीव्ह सुरुवातीला स्कॉट्समध्ये लिहिण्याच्या विरोधात होते. लंडनच्या बर्न्स क्लबने बोली वाचवण्याची मोहीम काढली, तेव्हा त्यांनी तिची टिंगल केली. गावच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्या कवितांचा त्यांना कंटाळा होता. मग विल्सन यांचे पुस्तक हाती आले. वॉटरगॉ, याउ-ट्रमल, जोराच्या सरीसाठी असलेला 'ऑन-डिंग' हे शब्द कवितेत त्या पुस्तकातून आले, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. १९२२ साली ग्रीव्ह यांनी ही कविता छापली, तीही प्रथम एका मित्राची म्हणून. टिंगल करणाऱ्याला संकोच वाटणे साहजिक होते.

म्हणजे प्राध्यापकांचा आरोप वस्तुस्थिती म्हणून खराच आहे. शब्द पुस्तकातून घेतले. प्रश्न आहे तो कवितेत त्यांचे काय झाले, हा.

३

कविता थोडक्यात अशी. कातरणीनंतरच्या त्या थंडीत, एका ओल्या संध्याकाळी, जोराच्या सरीपलीकडे थरथरत्या उजेडाचा वॉटरगॉ दिसतो. तो पाहताच बोलणाऱ्याला 'तुझी' मरणाआधीची शेवटची, रानटी नजर आठवते. दुसऱ्या कडव्यात तो सांगतो की त्या रात्री बाहेर आणि त्याच्या घरातही ऊब नव्हती. पण त्या वेड्या उजेडाचा विचार तेव्हापासून सुटला नाही. त्या नजरेचा अर्थ आता कदाचित कळला असेल, असे त्याला वाटते. एवढीच कविता. 'तू' कोण ते सांगितलेले नाही. १९११ साली वारलेले कवीचे वडील, असे बहुतेक वाचक समजतात. अर्थ काय कळला, तेही सांगितलेले नाही.

इथे मला शेक्सपिअरची आठवण होते. १५९४च्या 'द रेप ऑफ ल्युक्रीस' या काव्यात हाच शब्द इंग्रजी रूपात येतो. ल्युक्रीसच्या रडून सुजलेल्या डोळ्यांभोवती निळी कडी पडली आहेत. कवी त्यांना इंद्रधनुष्याची उपमा देतो, वॉटरगॉल म्हणतो आणि सांगतो की सरलेल्या वादळांनंतर आणखी वादळे येणार, याची ही खूण. चेहरा आणि मोडके इंद्रधनुष्य यांची गाठ अशी सव्वातीनशे वर्षे आधी घातली गेली होती. मॅकडायर्मिड यांच्या डोक्यात ती होती की नाही, हा मुद्दा वेगळा. पण दोन्ही शेजारी ठेवले की फरक उघडा पडतो.

शेक्सपिअरकडे शब्द आपले जुने काम करतो. तो भाकीत करतो. कोळ्यासाठी आणि मेंढपाळासाठीही वॉटरगॉ पुढे बघणारा असतो : हवा बिघडणार, आवरा. मॅकडायर्मिड यांच्या कवितेत बिघडायचे ते बिघडून गेलेले आहे. माणूस मेला आहे. आता खूण दिसते, पण तिला सांगायला पुढचे काही उरलेले नाही. म्हणून ती मागे वळते. उद्याची हवा वाचण्यासाठी घडवलेला शब्द कवी एका जुन्या नजरेचा अर्थ लावण्यासाठी वापरतो. आणि तो अर्थही पुरा हाती येत नाही, कारण वॉटरगॉ मुळातच अपुरा. कमानीचे एक टोक दिसते. बाकीची कमान आपण मनाने पुरी करायची. मरणाऱ्याच्या शेवटच्या नजरेचेही तसेच असते. इथे 'रेनबो' हा शब्द घालून पाहा. बायबलातला नोहाला दिलेल्या वचनाचा संदर्भ धावत येईल, दिलासा मिळेल आणि कविता खोटी होईल. त्या माणसाला कुणी वचन दिलेले नाही.

माझे उत्तर इथे आहे. पुस्तकातून आलेला शब्द शोभेपुरता असेल तर तो मेलेलाच. पण तो काढला की कविताच उभी राहत नाही, अशी त्याची जागा असेल, तर तो जिवंत झाला. मॅकडायर्मिड यांना हे प्रत्येक वेळी साधले असे मी म्हणणार नाही. पुढे जॉन जेमीसन यांच्या १८०८च्या मोठ्या कोशातून त्यांनी ओंजळी भरभरून शब्द घेतले आणि काही कवितांत ते रांगेत उभे असलेलेच दिसतात. एडविन म्यूर यांनी १९३६ साली आक्षेप घेतला की स्कॉटिश माणूस एका भाषेत अनुभवतो आणि दुसरीत विचार करतो, म्हणून या भाषेत थोर साहित्य होणे नाही. तो आक्षेप हलका नव्हे. पण या बारा ओळींत भावना आणि विचार यांच्यात फट दिसत नाही. ज्या शब्दाने थंडी वाजते, त्याच शब्दाने विचार होतो.

४

चंद्राभोवतीच्या कड्याला स्कॉट्समध्ये 'ब्रख' म्हणतात. गोल तटबंदीचा जो शब्द, तोच हा. कडे चंद्रापासून जितके लांब तितके वादळ जवळ, असा तिथला ठोकताळा. चंद्राभोवती त्यांना किल्ला दिसला. आपल्याला दिसले खळे, धान्य मळायचे. गंमत म्हणजे इंग्रजीतला 'हेलो' ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचाही मूळ अर्थ धान्याचे खळेच.

माझी आई अंगणात उभी राहून म्हणायची, "चंद्राला खळं पडलंय." तिला दोन्ही खळी ठाऊक होती. मी जमिनीवरचे खळे लहानपणी पाहिले आहे; आता मळणीयंत्र येते आणि तासाभरात काम उरकते. माझ्या मुलांना दोन्ही खळी समजावून सांगावी लागतात, आणि आमच्या गल्लीतल्या दिव्यांच्या उजेडात वरचे दाखवताही येत नाही. शब्द मोल्सवर्थमध्ये आहे. तिथे तो सुरक्षित आहे, पण तिथे त्याला काही काम नाही.

त्या प्राध्यापकांना आज मी एवढेच सांगेन. विल्सन यांच्या पुस्तकात वॉटरगॉ सात वर्षे पडून होता. कुणा म्हाताऱ्या शेतकऱ्याने तो सहज उच्चारला, एका निवृत्त अधिकाऱ्याने लिहून घेतला आणि मग एका पोस्टमनच्या मुलाला बापाच्या नजरेसाठी दुसरा शब्द सापडेना, तेव्हा तो कामाला आला. आईचे शब्द मी एका वहीत उतरवून ठेवले आहेत. खळे हा त्यातला पहिला.