घटकबद्ध रचना : विभागणी आणि विलगता

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम सुट्या घटकांची असावी, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. परंतु ‘सुटे’ या शब्दाचे येथे दोन अर्थ संभवतात आणि विवेचनात त्यांची वारंवार गल्लत होते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या धुळे जिल्ह्यातील सोनगीरचा दाखला घेतल्यास हा भेद स्पष्ट होईल. पत्र्याचे वेगवेगळे भाग घडवून ते सांधले की हंडा होतो. पण एक सांधा सुटला की सारे पाणी जाते. मांडणीवरील एखादा तांब्या गळका निघाला, तर शेजारच्या तांब्यातील पाणी मात्र टिकते. पहिली घडणीतील विभागणी होय. दुसरी वापरातील विलगता.

डायक्स्ट्रा यांनी १९६८ साली थरांची रचना मांडली. बदलण्याचा संभव असलेला निर्णय एकेका घटकात झाकून ठेवावा, असे पार्नास यांनी १९७२ साली प्रतिपादिले. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्रा. धनंजय ढमढेरे यांचे पाठ्यपुस्तकही धोरण आणि ते अमलात आणणारी यंत्रणा यांत भेद करते. या विचाराने प्रणाली समजणे व दुरुस्त करणे सुकर झाले, यात शंका नाही. तथापि चालत्या यंत्रातील दोष कोठवर पसरेल, याचे उत्तर त्यातून आपोआप मिळत नाही.

१९९२ सालच्या टॅनेनबॉम-टॉरव्हाल्ड्स वादाचे मर्म हेच आहे. कर्नल लहान ठेवून इतर कामे स्वतंत्र प्रक्रियांकडे सोपवावीत, असा टॅनेनबॉम यांचा आग्रह होता. टॉरव्हाल्ड्स यांच्या लिनक्सने एकसंध कर्नल स्वीकारला. पुढे लिनक्समध्ये चालू असतानाच जोडता-काढता येणारी मॉड्यूल आली, तेव्हा हा भेद मिटल्याचा भास झाला. वस्तुतः ही मॉड्यूल कर्नलच्याच स्मृतिक्षेत्रात वावरतात. हंडा सांधणे सोपे झाले. तो हंडाच राहिला.

या गल्लतीची किंमत केवळ शास्त्रीय नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अद्ययावत फाइलमुळे विंडोजवरील सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले, आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास द्यावे लागले. ती फाइल वाचणारा घटक वेगळा लिहिलेला होता, पण कर्नलमध्ये चालत होता.

विलगतेलाही मूल्य द्यावे लागते. प्रक्रियांमधील निरोपांच्या देवघेवीत वेळ जातो. लीड्टके यांच्या एल-४ कर्नलने १९९०च्या दशकात हा भार पुष्कळ कमी करून दाखविला, पण नाहीसा केला नाही. म्हणून एकसंध रचना सर्वत्र त्याज्य ठरत नाही. परंतु एखाद्या प्रणालीला घटकबद्ध म्हणताना तिच्यात घटक किती, हे सांगून भागणार नाही; एका घटकातील दोष कोठे अडतो, हेही सांगितले पाहिजे.